उडी मारण्याआधी: बाँडीचा काळा रविवार आणि जीवरक्षकांची विद्या

१/२२
६ फेब्रुवारी १९३८, रविवार. स्थळ: ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराचा बाँडी किनारा. फेब्रुवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. दुपारी तीनच्या सुमारास त्या चंद्रकोरीसारख्या वाळूवर सुमारे ३५ हजार माणसे होती. समुद्र आदल्या दिवसापासूनच खवळलेला होता. तरीही किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर, शेकडो लोक छातीभर पाण्यात उभे राहून लाटांशी खेळत होते. पायाखाली वाळू लागत होती, म्हणून कोणाला भय वाटत नव्हते. पुढच्या अर्ध्या तासात जे घडले त्याला ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात ‘काळा रविवार’ म्हणतात. हा थ्रेड त्या अर्ध्या तासाविषयी आहे, आणि त्यामागे उभ्या असलेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या विद्येविषयीही.

२/२२
एकापाठोपाठ एक अशा मोठ्या लाटा आल्या. पहिल्या लाटेने उंचवट्यावरच्या माणसांचे पाय उचलले. ती सावरण्याच्या आत दुसरी आली, मग तिसरी. किनाऱ्यावर चढलेले ते सारे पाणी माघारी फिरले आणि माणसांना खोल पाण्यात घेऊन गेले. वाळूचा उंचवटाच कोसळला, असे पुढे अनेक वर्षे लोक सांगत राहिले. परंतु वाळू जागची न हलताही माणसे अशी ओढली जाऊ शकतात, कारण परतणाऱ्या पाण्याचा जोर पुरेसा असतो. क्षणापूर्वी जे निवांत उभे होते त्यांच्या पायांखाली आता तळ नव्हता. त्यांतल्या अनेकांना पोहता येत नव्हते. सुमारे २०० ते २५० माणसे एकाच वेळी संकटात सापडली.

३/२२
एक गोष्ट दैवयोगाने अनुकूल होती. ती वेळ जीवरक्षकांच्या पहाऱ्याची पाळी बदलण्याची होती, शिवाय त्यांच्या मंडळाची पोहण्याची शर्यतही व्हायची होती. त्यामुळे एरवीपेक्षा कितीतरी अधिक, म्हणजे ६० ते ८० जीवरक्षक त्या क्षणी वाळूवर हजर होते. हे पगारी नोकर नव्हते. आठवडाभर कचेरीत, दुकानात, कारखान्यात काम करून सुटीच्या दिवशी विनामोबदला पहारा देणारे ते स्वयंसेवक होते. दोरांचे रहाट ओढून पाण्याच्या कडेला आणले गेले. ज्याला पट्टा मिळाला तो पट्टा बांधून पाण्यात शिरला. इतरांनी लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या, रबरी तरंगे, हाती येईल ते घेतले.

४/२२
अर्ध्या तासात समुद्र जवळजवळ रिकामा झाला. बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ३५ जण बेशुद्ध होते. त्यांना वाळूवरच शुद्धीवर आणण्यात आले. पाच जण दगावले. पाच कुटुंबांच्या दृष्टीने तो दिवस कधीच संपला नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. पण इतिहासाने विचारण्याचा प्रश्न पुढचा आहे: अडीचशे माणसे बुडत असताना मृतांचा आकडा पन्नास किंवा शंभर का झाला नाही? ‘शौर्य’ हे त्याचे सोपे उत्तर झाले. शौर्य होतेच. परंतु शूर माणसे त्याआधीही होती आणि बुडणाऱ्याला वाचवताना स्वतः बुडत होती. बाँडीवर त्या दिवशी शौर्याच्या जोडीला आणखी काही होते. ते कोठून आले, हे पाहण्यासाठी मागे जावे लागते.

५/२२
सन १७६७, अॅमस्टरडॅम. कालव्यांचे शहर. रात्री धुक्यात किंवा नशेत पाय घसरून माणसे पाण्यात पडत आणि मरत. पाण्यातून काढलेले निश्चल शरीर म्हणजे प्रेत, अशी सर्वांची समजूत होती. त्या वर्षी तेथील काही नागरिकांनी बुडालेल्यांच्या सुटकेसाठी एक संस्था स्थापन केली. तिचा मूळ विचार साधा पण क्रांतिकारक होता: मेल्यासारखे दिसणे म्हणजे मरणे नव्हे. शरीराला ऊब द्या, ओले कपडे काढा, तोंडाला तोंड लावून किंवा भात्याने हवा भरा, असे उपाय या संस्थेने सुचवले. वाचवणाऱ्यांना पारितोषिके दिली. बुडणे हा दैवाचा खेळ नसून त्यावर उपचार असू शकतो, ही कल्पना येथून युरोपभर पसरली.

६/२२
सात वर्षांनी, १७७४ मध्ये, लंडनमध्ये विल्यम हॉज आणि टॉमस कोगन या दोन वैद्यांनी अशीच संस्था काढली. ती पुढे ‘रॉयल ह्युमेन सोसायटी’ म्हणून प्रसिद्ध झाली. या संस्थेने एक शहाणपणाचा नियम केला: बुडालेल्याला जगवले तर चार गिनी, आणि प्रामाणिक प्रयत्न करूनही तो दगावला तरी दोन गिनी. अपयशालाही मोल दिल्यामुळे लोक प्रयत्न करू लागले. बुडालेल्याला घरात किंवा खानावळीत घ्यायला माणसे कचरत. म्हणून जो आसरा देईल त्यालाही बक्षीस ठेवले. हाइड पार्कमधील सर्पेंटाइन तलावाकाठी तर संस्थेने उपचारासाठी स्वतंत्र घरच बांधले. पैशासाठी बुडण्याची सोंगे होऊ लागली, तेव्हा रोख रकमेची जागा पदकांनी घेतली.

७/२२
मात्र सदिच्छा आणि योग्य उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या काळी सर्वात विश्वासाचा उपाय कोणता होता? तंबाखूचा धूर. तोही तोंडावाटे नव्हे, गुदद्वारातून! त्यासाठी भाते आणि नळ्यांच्या खास पेट्या नदीकाठी ठेवल्या जात. धुराच्या उष्णतेने आणि तिखटपणाने प्राण जागे होतात, असा समज होता. १८११ मध्ये बेंजामिन ब्रोडी या इंग्रज शल्यवैद्याने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की तंबाखूतले द्रव्य हृदयालाच मारक ठरते. हळूहळू हा उपाय मागे पडला. पिंपावर घालून लोळवणे, पाय वर करून टांगणे असे प्रकारही होते. हवा भरण्याचा जो उपाय खरा होता, तो मात्र या गर्दीत विस्मरणात गेला. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

८/२२
आता पुन्हा ऑस्ट्रेलिया. आज ज्या देशाची ओळख समुद्रकिनाऱ्याशी जोडलेली आहे, तेथे एकोणिसाव्या शतकात दिवसाढवळ्या समुद्रस्नानाला बंदी होती. सभ्यतेच्या कल्पनेपायी स्नान पहाटे किंवा अंधार पडल्यावरच करायचे. १९०२ मध्ये विल्यम गोचर नावाच्या वृत्तपत्र-संपादकाने आधी जाहीर करून सिडनीच्या मॅनली किनाऱ्यावर भर दिवसा स्नान केले. पुढच्या वर्षी तेथील नगरपालिकेने बंदी उठवली. मग एकेक किनारा खुला होत गेला. ट्राम किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. सुटीच्या दिवशी हजारो माणसे पाण्यात उतरू लागली. त्यांना समुद्र दिसत होता, पण समजत नव्हता. बुडण्याच्या घटना वाढल्या आणि प्रश्न उभा राहिला: यांना बाहेर काढायचे कोणी, आणि कसे?

९/२२
‘कसे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बुडणारा माणूस मदतीला आलेल्याला ओळखत नाही. त्याला फक्त आधार कळतो. जे हाताला लागेल त्यावर चढून तोंड पाण्याबाहेर काढणे, एवढीच प्रेरणा त्याच्यात उरलेली असते. म्हणून वाचवायला गेलेल्याच्या गळ्याला मिठी बसते आणि दोघेही खाली जातात. समजा, मिठी सोडवली. तरी खवळलेल्या पाण्यातून एक निर्जीव भार ओढत परतायचे असते. जाताना अंगात असलेले बळ येताना राहत नाही. बुडणाऱ्यापर्यंत पोहोचणे हे सुटकेचे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे म्हणजे परत येणे, आणि बहुतेक शूर माणसे त्या दुसऱ्या अर्ध्यात बुडाली.

१०/२२
या दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर म्हणजे रहाट. १९०६ च्या सुमारास बाँडी आणि शेजारच्या किनाऱ्यांवरील मंडळींनी ते घडवले. ते कोणाच्या डोक्यातून निघाले यावर आजही वाद आहे. लायस्टर ऑर्म्सबी यांचे नाव त्यात प्रामुख्याने येते. लाकडी चौकटीत मोठे चाक, चाकावर गुंडाळलेला शेकडो मीटर लांब दोर आणि दोराच्या टोकाला कमरेचा पट्टा. एक जण पट्टा बांधून पोहत जातो. किनाऱ्यावरचे गडी डोक्याच्या उंचीवर हात धरून दोर सोडत राहतात, म्हणजे तो लाटांत गुंतत नाही. बुडणाऱ्याला धरताच पट्टाधारी हात वर करतो आणि किनारा दोघांना ओढून घेतो. परतीचे बळ आता एकट्याचे राहिले नाही.

११/२२
वाचायला हे सोपे वाटते, परंतु दोर जितका तारक तितकाच मारकही आहे. किनाऱ्यावरच्यांनी फार जोराने ओढले तर पट्टाधारी लाटेखाली जातो. दोर समुद्री शेवाळात अडकला तर तो जागीच खिळतो. पुढे पट्ट्याला खुंटी बसवण्यात आली. ती ओढली की पट्टा सुटे. तोवर एकच उपाय होता: कवायत. कोण पट्टा बांधील, कोण दोर सोडील, कोण चाकाशी थांबेल, हे सारे आधीच ठरलेले. आज्ञा हाताच्या खुणांनी, कारण लाटांच्या आवाजात शब्द पोहोचत नाहीत. सैन्याच्या संचलनासारख्या या कवायतीच्या स्पर्धा भरत. १९१० पासून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला कांस्यपदक मिळू लागले. ते पदक म्हणजे पहारा देण्याचा परवाना.

१२/२२
रहाटाच्या अगदी आरंभीच्या सुटकांमध्ये एक नाव सांगितले जाते. २ जानेवारी १९०७ रोजी बाँडीच्या समुद्रात ओढल्या गेलेल्या मुलांना बाहेर काढले. त्यांतला एक जेमतेम नऊ वर्षांचा होता आणि बेशुद्ध होता. तो वाचला. त्याचे नाव चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ. हाच मुलगा पुढे मोठा वैमानिक झाला आणि १९२८ मध्ये त्याने आपल्या सहकाऱ्यांसह अमेरिकेहून ऑस्ट्रेलियापर्यंत प्रशांत महासागर विमानाने प्रथम ओलांडला. नोव्हेंबर १९३५ मध्ये आपल्या अलाहाबादहून सिंगापूरकडे निघालेले त्याचे विमान वाटेत समुद्रावर नाहीसे झाले. ज्याला समुद्राने एकदा परत दिले, त्याला २८ वर्षांनी समुद्रानेच नेले. मधली ती वर्षे मात्र त्याला किनाऱ्यावरच्या माणसांनी मिळवून दिली होती.

१३/२२
दोराला एक प्रतिस्पर्धीही होता: फळी. हवाई बेटांचा विख्यात जलतरणपटू ड्यूक कहानामोकू १९१४-१५ च्या उन्हाळ्यात सिडनीला आला आणि त्याने लाटांवर फळीने स्वार होण्याची कला तेथील लोकांना दाखवली. जून १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ‘थेल्मा’ नावाची बोट उलटली. ड्यूक फळी घेऊन पुन्हा पुन्हा लाटांत गेला आणि त्याने एकट्याने आठ जणांना बाहेर आणले. सतरा जण दगावले. फळी माणसापेक्षा वेगाने जाते, आणि बुडणाऱ्याला धरायला गळ्याऐवजी लाकूड मिळते, हे त्या दिवशी दिसले. दोराची गोष्ट परतीची होती, फळीची तरंगण्याची. दोन्हींचा हेतू एकच: बुडणारा आणि वाचवणारा यांच्यामध्ये एखादी वस्तू असावी.

१४/२२
ही सारी विद्या घेऊन बाँडीचे जीवरक्षक १९३८ च्या त्या रविवारी पाण्यात शिरले, आणि पहिल्याच क्षणी तिची मर्यादाही उघड झाली. रहाट एका माणसासाठी बनवलेला होता; येथे एका दोराला अनेक जण लोंबकळू लागले. पट्टाधारी ज्याच्याकडे निघाला होता त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेतले हात त्याला धरत होते. काही ठिकाणी मिठ्या बळाने सोडवाव्या लागल्या. तरीही जीवरक्षक विखुरले नाहीत. ज्यांना पट्टे मिळाले नाहीत ते फळ्या आणि तरंगे नेऊन माणसांना त्यावर टेकवत राहिले. कोणाला आधी आणायचे आणि कोणाला फक्त तरंगत ठेवायचे, याचा निर्णय ते लाटेगणिक करत होते. योजना मोडली तरी शिस्त टिकली.

१५/२२
दरम्यान वाळूवर दुसरी लढाई चालू होती. बेशुद्ध माणसांच्या रांगा लागल्या होत्या. त्या काळी प्रचलित असलेली पद्धत ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ एडवर्ड शेफर यांनी १९०३ मध्ये मांडलेली होती. रुग्णाला पालथे निजवायचे, त्याच्या मांड्यांच्या बाजूला गुडघे टेकायचे आणि पाठीच्या खालच्या भागावर तालात दाब द्यायचा: दाबले की श्वास बाहेर, सोडले की आत. आजच्या मापाने ही पद्धत दुबळी होती. पण प्रत्येक जीवरक्षकाला ती येत होती आणि ती पहिल्या मिनिटापासून सुरू झाली, डॉक्टर येण्याची वाट पाहत कोणी थांबले नाही. प्राणवायूवाचून मेंदू चार ते सहा मिनिटांतच कायमचा दुखावू लागतो. त्या घड्याळासमोर लवकर केलेला साधा उपायही मोलाचा ठरतो.

१६/२२
तोंडाला तोंड लावून श्वास देण्याचा उपाय १७४० मध्येच पॅरिसच्या विज्ञान अकादमीने सुचवला होता. अॅमस्टरडॅमकरांनाही तो ठाऊक होता. नंतर दीडशेहून अधिक वर्षे तो अडगळीत पडला. १९५० च्या दशकात जेम्स एलम आणि पीटर सफार या अमेरिकेतील डॉक्टरांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर मोजमापे घेऊन सिद्ध केले की पाठीवरच्या दाबापेक्षा तोंडाने दिलेला श्वास कितीतरी परिणामकारक आहे. १९६० मध्ये त्याला छातीवरच्या दाबाची जोड मिळाली आणि सीपीआर जन्मले. सरावासाठी नॉर्वेतील खेळणी बनवणारे आसमुंड लेर्डाल यांनी बाहुली घडवली. तिचा चेहरा पॅरिसच्या सेन नदीत बुडालेल्या एका अनाम तरुणीच्या मुखवट्यावरून घेतला, असे सांगतात.

१७/२२
येथे थोडे थांबून एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे बुडालेल्याला बाहेर काढले की प्रथम ‘पोटातले पाणी काढा’ असा पुकारा होतो. कोणी त्याला पालथे खांद्यावर घेतो, कोणी पोट दाबतो. हा पिंपाच्या काळातला उपाय आहे. बुडणाऱ्याला मारते ती प्राणवायूची उणीव. पोटातले पाणी नव्हे. पोट दाबल्याने आतले अन्न-पाणी घशात येऊन फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो आणि मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास चालत नसेल तर माणसाला उताणे ठेवून, मान मागे करून, आधी श्वास द्यायचा आणि मग छातीवर दाब सुरू करायचा, ही आजची रीत आहे. ती पुस्तकातून नव्हे, प्रशिक्षित माणसाकडून हात लावून शिकावी.

१८/२२
आतापर्यंत आपण पोहोचणे, परतणे आणि श्वास देणे पाहिले. पण या सर्वांच्या आधीची पायरी सर्वात उशिरा उलगडली: बुडणारा ओळखणे. फ्रँक पिया हे न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक होते. त्यांनी किनाऱ्यावरून प्रत्यक्ष बुडणाऱ्यांचे चित्रण केले आणि १९७० च्या सुमारास त्याचा अभ्यास मांडला. त्यातून दिसले की खरोखर बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि त्याचे तोंड पाण्यावर येते ते जेमतेम श्वास घेण्यापुरते. तो हातही हलवत नाही. त्याचे दोन्ही हात आपसूक बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात. शरीर उभे, पायांची हालचाल जवळजवळ नाही. आणि अवधी? २० ते ६० सेकंद.

१९/२२
म्हणजे चित्रपटांनी आपल्या डोळ्यांना चुकीचे शिकवले आहे. जो ओरडतो आहे, हात हलवतो आहे, तो संकटात असला तरी अजून झुंज देतो आहे. जो गप्प आहे, ज्याचे डोके मागे कललेले आहे, केस डोळ्यांवर आले तरी जो ते बाजूला सारत नाही, त्याच्याकडे आधी जायला हवे. आईवडील हाताच्या अंतरावर असताना मुले बुडतात ती याच शांततेमुळे. म्हणून जीवरक्षकाचे मुख्य काम पोहणे नसून पाहणे आहे. आपल्या वाट्याचे पाणी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सतत नजरेने विंचरतो. त्याला गप्पांत गुंतवणे, वाट विचारत उभे राहणे, हे त्याच्या डोळ्यांवर हात ठेवण्यासारखे आहे.

२०/२२
आणि पाण्याचे काय? लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परतताना अनेकदा एका अरुंद वाटेने वेगाने समुद्रात जाते. १९३६ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक फ्रान्सिस शेपर्ड यांनी त्याला ‘रिप करंट’ हे नाव रूढ केले. तो माणसाला तळाशी खेचत नाही. तो आत नेतो. फसवी गोष्ट अशी की त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. त्याच्याविरुद्ध थेट किनाऱ्याकडे पोहणारा थकतो आणि बुडतो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत त्या वाटेबाहेर पडावे. लाल-पिवळ्या निशाणांमधली जागा जीवरक्षक निवडतात ती हेच पाहून.

२१/२२
बाँडीचा रहाट आता संग्रहालयाची वस्तू झाला आहे. हवेने फुगवलेल्या मोटारबोटी आणि लांबट रबरी तरंगे आल्यावर १९९० च्या दशकात तो पहाऱ्यातून गेला. १९८० पर्यंत स्त्रियांना तेथे पहाऱ्याचे पूर्ण सदस्यत्व नव्हते. त्या वर्षी ते दार उघडले. आपल्याकडे गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून संघटित जीवरक्षक सेवा आहे. मुंबईत गणेशविसर्जनाच्या दिवशी गिरगाव आणि जुहूला जीवरक्षक उभे असतात. पण कोकणातले कितीतरी किनारे, घाटावरची धरणे, शेततळी आणि विहिरी येथे कोणी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडणे रोखण्यासाठी राखून ठेवला आहे, तो त्याच वर्षीपासून.

२२/२२
दर पावसाळ्यात आपण वाचतो: एक घसरला, त्याला वाचवायला भाऊ गेला, मग बाप गेला. तिघेही गेले. या बातम्यांत प्रेम कमी नसते, दोर नसतो. जगभरचे जीवरक्षक शिकतात तो क्रम पाठ करण्यासारखा आहे: आधी काठावरून हात किंवा काठी द्या, नाही तर तरंगणारे काही फेका, नाही तर होडी न्या, पाण्यात उतरणे सर्वात शेवटी, आणि तेही शिकलेल्याने. रिकामा प्लास्टिकचा डबा तरंगतो. नऊवारी लुगडे आठ मीटर लांब असते. बाँडीवर त्या दिवशी अडीचशे माणसांना ज्यांनी परत आणले, त्यांनी त्या पाण्यात उतरण्याआधी कित्येक रविवार कोरड्या वाळूवर दोर सोडण्याचा आणि ओढण्याचा सराव केला होता. वाचकहो, पुढच्या सहलीला निघताना गाडीत एक दोर ठेवा.